रोबोटची कंबर कुणी मोडली?

अकरा वर्षांचं मूल दोन तास गप्प बसलं की आईच्या मनात पाल चुकचुकतेच. गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी आमचे चिरंजीव जेवणाच्या टेबलापाशी असेच गप्प बसले होते. जवळ जाऊन बघते तर समोर पांढरा-निळा रोबोट आडवा पडलेला, त्याचा डावा पाय बाजूला आणि चिरंजीवांचे डोळे काठोकाठ भरलेले.

"मम्मी, माझा हातच जड आहे. मी जोरात दाबलं, म्हणून तुटलं."

हा प्लास्टिकचा किट त्यानं दिवाळीत मामा-काकांनी हातावर ठेवलेल्या पैशांतून मागवला होता. आईबापाकडे एक रुपया मागितला नव्हता. ऑनलाइन, ६९९ रुपयांत. खोक्यावर झगमगतं चित्र होतं. आत प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले शेकडो तुकडे, आणि एक माहितीपत्रक, ज्यातलं अक्षर न अक्षर चिनी. त्यानं चित्रं बघून रोबोट उभा केला होता. शेवटचा पाय कंबरेत बसवताना कट्ट आवाज आला आणि कंबरेची दांडी मोडली.

मी समजूत घालायला लागले. "जाऊ दे रे, सातशेचंच होतं." या वाक्यानं तो आणखी रडला. बरोबरच आहे. सातशे माझ्यासाठी 'च' होते, त्याची ती सगळी दिवाळी होती. आणि त्याचं दुःख पैशांचं नव्हतंच. आपल्या हाताला जमत नाही, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून अण्णा आले. अण्णा म्हणजे माझे सासरे. भंडाऱ्याकडून सत्तरच्या दशकात भिलाईला नोकरीला आले, आणि तीसहून जास्त वर्षं त्यांनी स्टील प्लांटच्या फाउंड्रीत काढली. वितळलेला धातू साच्यात ओतायचा, थंड झाला की बाहेर काढायचा, साफ करायचा, तपासायचा. गेली दोन वर्षं त्यांचा उजवा हात थरथरतो. चहाचा कप ते डाव्या हातानं धरतात आणि कुणी बघितलेलं त्यांना आवडत नाही.

"आण इकडे," ते म्हणाले. नातवानं रोबोट पुढे केला. "अख्खा नको. तुटलेले दोन्ही तुकडे दे."

मोडलेली जागा काय सांगते

अण्णांनी दिव्याखाली भिंग धरलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग नातवाला जवळ ओढून भिंग त्याच्या हातात दिलं.

"मधोमध काय दिसतं?"

"छोटंसं भोक."

"हं. ही दांडी आतून पोकळ आहे. बाहेरून भरीव दिसते, पण मध्ये माल नाही."

मग टेबलावरच शाळा भरली. साच्यात कुठलाही गरम माल ओतला, लोखंड असो की प्लास्टिक, तो बाहेरून आधी थंड होतो. पातळ भाग लगेच घट्ट होतो, जाड भाग शेवटी. थंड होताना प्रत्येक माल आकसतो. जाड भागाचा गाभा आकसतो तेव्हा त्याला मागून आणखी माल मिळाला नाही, तर आत पोकळी राहते. फाउंड्रीत यासाठी साच्यावर जादा मालाचं भांडार ठेवतात, त्याला रायझर म्हणतात. प्लास्टिकच्या कामात यंत्र साचा भरल्यावरही काही काळ मागून दाब देत राहतं. तो वेळ वाचवला की तासाला जास्त नग निघतात, आणि जाड दांड्या पोकळ निघतात.

"आणि हे बघ," अण्णा म्हणाले, "तू वाकवून मोडली असतीस तर वाकलेल्या जागी प्लास्टिक आधी पांढरं पडलं असतं. इथं तसं काही नाही. सरळ तुटलंय."

त्यांच्या कपाटात अजून जुना व्हर्नियर आहे. तो आणवला. हात थरथरत होता म्हणून माप नातवानं घ्यायचं आणि अण्णांनी वाचायला शिकवायचं, असं ठरलं. कंबरेचं भोक ३ मिलिमीटर. न तुटलेल्या उजव्या बाजूची दांडी ३ मिलिमीटर. डावीचा मोडका तुकडा ३.२ मिलिमीटर.

"जाड दांडी बारीक भोकात जाणार कशी? तू दाबलंस हे खरं. पण दाबायची पाळी साच्यानं आणली."

पोराचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता. त्या रात्री मी एवढंच केलं, की ज्या किटची ही नक्कल होती तो अस्सल किट शोधून मागवला. नक्कलच होती, हे एव्हाना उघड झालं होतं. खोक्यावर ना बनवणाऱ्याचं धड नाव होतं, ना पत्ता.

तीनशे येनचा रोबोट

पार्सल यायला नऊ दिवस लागले. भिलाईत सिव्हिक सेंटरपासून सुपेल्याच्या आकाशगंगा मार्केटपर्यंत मी विचारून आले होते. रिमोटच्या गाड्या हव्या तेवढ्या, हा प्रकार मात्र कुठे मिळाला नाही. त्या नऊ दिवसांत आम्ही तिघांनी या रोबोटचा इतिहास धुंडाळला, आणि तो माझ्या अपेक्षेपेक्षा रंजक निघाला.

हा रोबोट म्हणजे गंडम. ७ एप्रिल १९७९ रोजी जपानी टीव्हीवर 'मोबाइल सूट गंडम' नावाची कार्टून मालिका सुरू झाली. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो, यंत्रांची रचना कुनिओ ओकावारा यांची. तोवरच्या कार्टूनमधले रोबोट म्हणजे अजिंक्य महावीर. गंडम तसा नाही. तो लढाईतलं एक यंत्र आहे, आत माणूस बसून तो चालवतो, त्याचा दारूगोळा संपतो आणि त्याला दुरुस्तीही लागते. नायक पंधरा वर्षांचा मुलगा. पहिल्याच भागात तो हातात माहितीपुस्तिका घेऊन, वाचत वाचत यंत्र चालवतो! अण्णांना ही गोष्ट फार आवडली. "मॅन्युअल वाचतो म्हणजे मुलगा कामाचा आहे," त्यांनी निकाल दिला.

पण मालिका चालली नाही. बावन्न भाग ठरले होते, ते त्रेचाळीसवर आटोपले. जानेवारी १९८० मध्ये पडदा पडला. खरी गंमत त्यानंतरची. जुलै १९८० मध्ये बंदाई या कंपनीनं गंडमचा जोडायचा प्लास्टिक किट बाजारात आणला, किंमत ३०० येन. शाळकरी मुलांच्या खाऊच्या पैशांत बसेल अशी. पुनःप्रक्षेपणांनी मालिकेला प्रेक्षक मिळत गेले आणि किटवर मुलांच्या उड्या पडल्या. गंडम आणि प्लास्टिक मॉडेल मिळून 'गनप्ला' असा नवा शब्दच तयार झाला. मार्च २०२१ पर्यंत असे ७० कोटींहून जास्त किट कारखान्यातून बाहेर पडले होते.

हे किट ज्या शहरात बनतात ते शिझुओका म्हणजे प्लास्टिक मॉडेलवाल्यांचं भिलाईच म्हणा ना. टामिया, हासेगावा, आओशिमा या नामांकित कंपन्या त्याच परिसरातल्या. त्यातली टामिया १९४६ मध्ये लाकडाच्या धंद्यातून सुरू झाली आणि १९६० मध्ये तिनं पहिलं प्लास्टिक मॉडेल काढलं, यामातो या युद्धनौकेचं. बंदाईचा किटचा कारखाना तिथं २००६ पासून आहे.

इथं एक गैरसमज दूर करते, कारण आमच्या शेजारणीनंही विचारलं होतं. या रोबोटमध्ये बॅटरी नाही, मोटर नाही. तो चालत नाही, बोलत नाही. शाळेत शिकवतात ते रोबोटिक्स वेगळं. हे मॉडेल आहे. सांधे हातानं वळवायचे आणि हवी ती पोझ देऊन कपाटात ठेवायचं. "मग उपयोग काय?" शेजारीण म्हणाली. उत्तर मला तेव्हा सुचलं नाही.

माप आणि हिशेब

खोक्यावर १/१४४ असं लिहिलेलं असतं. म्हणजे कल्पनेतला गंडम मॉडेलच्या १४४ पट मोठा. त्याची उंची १८ मीटर मानलेली आहे. चिरंजीवांनी भागाकार केला, साडेबारा सेंटिमीटर आले. पट्टी लावून बघितलं तर नकली रोबोट बसलेल्या अवस्थेतही पटण्यासारखा होता.

अण्णांनी लगेच पुढचं गणित घातलं. भिलाईहून रेल्वेला २६० मीटर लांबीचे रूळ जातात. या मापात तो रूळ केवढा होईल? उत्तर १.८ मीटर आलं. "म्हणजे आपल्या पप्पांपेक्षा उंच!" असं म्हणून तो वह्या सोडून पट्टी घेऊन भिंतीवर खुणा करायला लागला. रंग अजून निघालेला नाही.

जपानमध्ये योकोहामा बंदरावर खरोखर १८ मीटरचा, हलणारा गंडम उभा केला होता. डिसेंबर २०२० ते मार्च २०२४ तो लोकांना बघायला खुला होता. वजन सुमारे २५ टन. त्याचा व्हिडिओ लावला. रोबोट हात उचलतो, गुडघा वाकवतो, नातू टाळ्या वाजवतो. अण्णांनी मात्र व्हिडिओ थांबवायला लावला.

"हा उभा कशावर आहे?"

नीट बघितलं. रोबोटच्या मागे एक भक्कम सांगाडा होता आणि त्यानं रोबोटला कंबरेपाशी पेललेलं होतं.

"बघ. जपान्यांनीसुद्धा कंबरेलाच आधार दिलाय. सगळा भार तिथंच येतो." त्या दिवसापासून आमच्या घरात कंबर हा प्रतिष्ठेचा विषय झाला.

अस्सल किट उघडला

आम्ही मागवला तो 'एंट्री ग्रेड आरएक्स-७८-२ गंडम'. २०२० मध्ये आलेला, अगदी नवशिक्यांसाठीचा. जपानमध्ये तेव्हा याची किंमत ७०० येन होती, आम्हाला आयातीच्या खर्चासकट नऊशेच्या घरात पडला. या दुनियेत प्रतवाऱ्या बऱ्याच आहेत. हाय ग्रेड १९९० पासून, मास्टर ग्रेड १९९५ पासून, परफेक्ट ग्रेड १९९८ पासून. पायरी चढली की तुकडे वाढतात, किंमत वाढते आणि तुमचे रविवारही जातात. पहिल्यांदा करत असाल तर एंट्री ग्रेडच घ्या, दुकानदार काहीही म्हणो.

तुकडे ज्या चौकटीला चिकटलेले असतात तिला रनर म्हणतात, आणि तुकडा जिथं चौकटीला जोडलेला असतो ती मान म्हणजे गेट. मी हे वाचून दाखवलं तर अण्णा हसायला लागले. "हे आमचेच शब्द!" फाउंड्रीत वितळलेलं लोखंड ज्या वाटेनं साच्यात धावतं ती रनर, आणि ज्या तोंडातून आत शिरतं ते गेट. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. या गावातल्या निम्म्या जुन्या घरांत कुणी ना कुणी हे शब्द बोलत आलेलं आहे. पण एका खेळण्याच्या खोक्यातून ते नातवाच्या तोंडी येतील, असं अण्णांना कधी वाटलं नव्हतं.

मग त्यांना थांबवणं कठीण झालं. तुकड्याच्या कडेनं जाणारी बारीक रेघ बघ, इथं साच्याचे दोन अर्धे भाग मिळाले. आतल्या बाजूचे गोल ठसे बघ, साचा उघडल्यावर तुकडा बाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांचे आहेत ते. भिंती किंचित तिरप्या आहेत, दिसतं का? अगदी उभ्या असत्या तर तुकडा साच्यात अडकून बसला असता. आम्हीही पॅटर्नला असाच उतार देत होतो.

नकली किटचे तुकडे शेजारी ठेवले आणि फरक मलाही दिसला. नकलीच्या कडांना कागदासारखी पातळ झालर होती. म्हणजे साच्याचे दोन भाग नीट बंदच झाले नव्हते. तिथून माल बाहेर आला होता. अस्सल किटमध्ये झालर शोधूनही सापडली नाही. अस्सलच्या रनरवर एका पट्टीवर बंदाईचं नाव आणि 'मेड इन जपान' कोरलेलं होतं. नकलीवर त्या जागी कोरी पट्टी. खरेदी करताना तुम्हाला रनर दिसणार नाही हे खरं. पण विक्रेत्यानं आतल्या रनरचे फोटो दिले नसतील आणि किंमत फारच गोड असेल, तर सावध व्हा.

एंट्री ग्रेडची खासियत अशी की याला ना डिंक लागतो, ना रंग, ना कात्री. गेट इतके बारीक आहेत की तुकडा हातानं सुटतो. बंदाईची यंत्रं एकाच रनरमध्ये चार रंगांपर्यंत प्लास्टिक ओतू शकतात, त्यामुळे तुकडे आपापल्या रंगातच जन्माला येतात. डोळ्यांनाही स्टिकर नाही. वेगवेगळ्या रंगांचे तुकडे एकमेकांवर बसले की डोळे तयार. माहितीपत्रक सगळं चित्रांचं आहे, जपानी येत नसलं तरी अडत नाही. रनरचं अक्षर आणि तुकड्याचा आकडा जुळवत जायचं.

आम्ही दोन संध्याकाळी घेतल्या. एका बैठकीतही होतो, पण आजोबांचं निरीक्षण मध्ये मध्ये चालू असल्यानं वेळ लागला.

आता मात्र चूक तुझी

दुसऱ्या संध्याकाळी उशीर झाला होता. उद्या शाळा. चिरंजीवांना घाई. पायाचा पांढरा तुकडा रनरवरून त्यानं पिरगाळून ओढला. तुकडा निघाला, पण गेटच्या जागी छोटासा खड्डा पडला आणि भोवती पांढरा डाग.

त्यानं लगेच आजोबांकडे बघितलं. "हे पण साच्यामुळेच ना?"

मला वाटलं, अण्णा हो म्हणतील. परवाचं रडणं मी विसरले नव्हते, तेही विसरले नसावेत. त्यांनी भिंग घेतलं, बघितलं आणि तुकडा परत दिला.

"नाही. माल चांगला आहे, गेट बारीक आहे. हे तू ओढल्यामुळे झालं. हे तुझं."

दोन सेकंद शांतता. मग पोरगं म्हणालं, "आता काय करायचं?" रडलं नाही. मी खरं सांगते, तो अख्खा किट वसूल झाला असं मला त्या क्षणी वाटलं.

काय करायचं, ते तुमच्याही उपयोगाचं आहे. हातानं सुटणारे तुकडेसुद्धा शक्यतो कापूनच काढावेत. मुद्दाम महागडा निपर घ्यायची गरज नाही, घरातलं चांगल्या धारेचं नेलकटर पहिल्या किटला पुरतं. एकदम तुकड्यालगत कापू नका. आधी जरा लांबून कापून तुकडा सुटा करा, मग उरलेला खुंट दुसऱ्यांदा जवळून कापा. शेवटी राहिलेला कण वॉटर पेपरनं घासायचा, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तोच. आधी ६०० नंबर, मग १०००. पाणी लावून घासा, म्हणजे भुकटी नाकात जात नाही. कटर-ब्लेड मुलांच्या हातात देऊ नका. अण्णा म्हणतात, फाउंड्रीत या कामाला फेटलिंग म्हणायचे. ओतकामाला जादाचं जे काही चिकटून आलेलं असतं ते काढून टाकायचं. दिवसभर तेच करणारी माणसं असत आणि त्यांचं नाव कुठे लागत नसे.

नखांवरचं पॉलिश पुसायचं ॲसिटोन चुकूनही लावू नका, हे प्लास्टिक त्यात विरघळतं. आणि तयार मॉडेल उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका. पांढरा रंग उन्हानं पिवळा पडतो, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीची भट्टी होते.

खड्डा पूर्ण गेला नाही. घासून बुजला थोडा, पण आहे. पायाच्या आतल्या बाजूला आहे म्हणून दिसत नाही. चिरंजीव मात्र आल्यागेल्याला तो उलटा करून दाखवतात.

आजोबांची परीक्षा

रोबोट उभा राहिला. मी फोटो काढायला लागले, तर अण्णा म्हणाले, आधी तपासणी. फोटो नंतर.

त्यांनी पट्ट्यांचा फीलर गेज काढला. दोन तुकड्यांमधली फट किती आहे ते मोजायला वेगवेगळ्या जाडीच्या पत्र्याच्या पट्ट्या असतात त्यात. नकली रोबोटच्या छातीच्या सांध्यात ०.३ मिलिमीटरची पट्टी आरामात गेली. अस्सलच्या छातीत सगळ्यात पातळ, ०.०५ची पट्टीही शिरली नाही. मग एका पायावर उभं करून टेबलाला हलका धक्का. अस्सल डगमगला, पडला नाही. हात आडवा करून त्यात बंदूक दिली आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी हात तिथंच होता. नकलीचा हात पाच मिनिटांत खाली आला होता.

गुडघा आणि कोपर दोन्ही चांगले खोल वाकतात. इतक्या सोप्या किटमध्ये मला याचं नवल वाटलं. सांध्यांत वेगळे रबरी बुश नाहीत, प्लास्टिकवर प्लास्टिकच घासतं. त्यामुळे रोज रोज वळवत राहिलं तर ते किती दिवस घट्ट राहतील, अशी अण्णांना शंका आहे. तीन महिने झाले, अजून तरी ठीक आहेत.

उणिवा आहेतच. वजन फार हलकं, पंख्याच्या वाऱ्याखाली एका पायाची पोझ टिकत नाही. बांधकाम इतकं सोपं की चुणचुणीत मुलाला ते लवकर संपल्यासारखं वाटतं. माझा सगळ्यात मोठा आक्षेप कचऱ्याचा. रोबोट बांधून झाल्यावर रिकाम्या रनरचा हा एवढा ढीग उरतो. जपानमध्ये बंदाईनं २०२१ पासून रिकामे रनर गोळा करून पुन्हा वापरायची योजना सुरू केली आहे. आमच्या गल्लीत येणाऱ्या कबाडीवाल्यानं ते हातात घेऊन बघितले आणि परत दिले.

अण्णांनी दहापैकी आठ दिले. एक मार्क वजनाचा कापला, एक का कापला ते सांगितलं नाही. "दहा कुणालाच देत नसतात," एवढंच म्हणाले. नकलीला तीन. त्यातला एक नातवानं चिनी पत्रक वाचता येत नसताना तो उभा केला, त्याबद्दल.

पुन्हा कंबर

नकली रोबोट फेकून द्यायचा, असं मी धरून चालले होते. कचऱ्याच्या डब्यापाशी गेलेही. दोघांनी एकदम हाक मारली.

बेत आधीच शिजला होता. तुटलेल्या दांडीच्या दोन्ही तोंडांना बरोबर मधोमध एक मिलिमीटरचं भोक पाडायचं. जेम क्लिपच्या तारेचा तुकडा आत घालायचा, हाडाच्या डॉक्टरांनी रॉड घालावा तसा. मग प्लास्टिक सिमेंट लावून जोडायचं. आणि जाडी जास्त होती ती वॉटर पेपरनं घासून ३ मिलिमीटरवर आणायची. सिमेंटला उग्र वास असतो, म्हणून मी दोघांना खिडकीपाशी बसवलं. रिकाम्या रनरचे बारीक तुकडे त्याच सिमेंटच्या बाटलीच्या झाकणात विरघळवले, तर फटी भरायला लुकण तयार होतं. ढिगातला तेवढा तरी माल कामी आला.

हातानं फिरवायची छोटी ड्रिल अण्णांनी कपाटातून काढली. स्वतः धरली. टोक दांडीच्या मध्यावर टेकवलं. हात थरथरला, टोक घसरलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा घसरलं. मी स्वयंपाकघरात काही काम आहे असं दाखवत उभी होते.

तिसऱ्यांदा त्यांनी ड्रिल नातवाच्या हातात दिली.

"मी? आजोबा, माझा हात..."

"तुझा हात चांगला आहे. मी सांगतो तसं फिरव. आधी सुईनं मध्यावर टोच. आता टोक त्यात ठेव. दाबू नकोस, फक्त फिरव. ड्रिल स्वतः जाते."

पाऊण तास लागला. एकदा भोक जरा तिरपं गेलं, लुकण भरून पुन्हा पाडलं. रात्रभर सुकू दिलं, दुसऱ्या दिवशी व्हर्नियरनं मापून घासलं. ३.२, ३.१, ३.०५. तिथं अण्णांनी थांबवलं. "एवढं राहू दे, घट्ट बसेल." पाय कंबरेत गेला. आवाज आला नाही.

रोबोट थोडा वाकडा उभा राहतो. डावा पाय किंचित बाहेर जातो. अस्सल रोबोट चिरंजीवांच्या अभ्यासाच्या टेबलावर आहे आणि हा अण्णांच्या खोलीत, टीव्हीशेजारी. परवा झाडताना तो उचलला तर खाली पायाशी चिकटपट्टीचा तुकडा दिसला. त्यावर थरथरत्या अक्षरात लिहिलेलं होतं : रिपेअर, पास. खाली तारीख, आणि दोन सह्या.